काचेवर जपलेला काळ : राजा लाला दीनदयाळ (१८४४–१९०५)

जैन समाजाचे नाव निघाले की पेढी, व्यापार, दानधर्म, पाठशाळा, ग्रंथभांडारे आणि शिखरबंद जिनालये डोळ्यांसमोर उभी राहतात. हा लौकिक खरा आहे आणि अभिमानास्पदही आहे. परंतु याच समाजातील एका जवाहिऱ्याच्या घरात जन्मलेल्या पुरुषाने एकोणिसाव्या शतकात एका अगदी नव्या कलेत हिंदुस्थानभर कीर्ती मिळविली, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. तो पुरुष म्हणजे राजा लाला दीनदयाळ. कॅमेरा ही वस्तू सामान्य माणसाने पाहिलेलीही नव्हती, त्या काळात त्यांनी छायाचित्रणाला प्रतिष्ठित व्यवसायाचे रूप दिले. इंदूर, सिकंदराबाद आणि मुंबई अशा तीन शहरांत त्यांचे स्टुडिओ होते. निजामापासून व्हिक्टोरिया राणीपर्यंत अनेकांनी त्यांना आपला छायाचित्रकार म्हणून मान दिला.

काळाची पार्श्वभूमी

छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये पॅरिस येथे जाहीर झाला आणि थोड्याच काळात या कलेची साधने हिंदुस्थानच्या बंदरांवर उतरली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या कलेत रस घेणाऱ्या पहिल्या एतद्देशीयांपैकी एक होते. हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय केला. तथापि मोठ्या शहरांतील नामांकित स्टुडिओ बहुतेक युरोपीय मालकांचेच होते. साहेब लोक, संस्थानिक आणि बडे सावकार आपली तसबीर काढवून घेण्यासाठी त्यांच्याकडेच जात. या क्षेत्रात एका हिंदी माणसाने त्यांच्या बरोबरीने उभे राहणे ही साधी गोष्ट नव्हती.

जन्म आणि शिक्षण

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळील सरधना या गावी एका जैन जवाहिऱ्याच्या कुटुंबात झाला. सरधना हे बेगम समरूच्या जहागिरीमुळे प्रसिद्धीस आलेले गाव. हिऱ्या-माणकांची पारख करणाऱ्या घरात प्रकाशाशी नाते तसे जवळचेच असते. खडा कोणत्या बाजूने धरला असता त्याचे पाणी दिसते, हे जवाहिऱ्याला नेमके कळावे लागते. पुढे दीनदयाळ यांच्या छायाचित्रांत उजेड आणि सावली यांची जी अचूक पारख दिसते, तिच्याकडे पाहताना त्यांच्या कुळाच्या व्यवसायाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

मात्र दीनदयाळ यांनी वडिलोपार्जित धंदा स्वीकारला नाही. ते रुडकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात दाखल झाले. १८४७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था देशातील सर्वांत जुन्या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थांपैकी एक होय. आज तीच आयआयटी रुडकी म्हणून ओळखली जाते. मोजणी, आराखडे आणि नकाशे काढण्याचे शिक्षण घेऊन ते १८६६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले. प्रमुख अंदाजक आणि आरेखक असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते. इमारतीची उंची, रुंदी आणि तोल नजरेने ओळखण्याची जी सवय या नोकरीत जडली, ती पुढे त्यांच्या फार उपयोगी पडली.

इंदूर : छंदापासून व्यवसायाकडे

इंदूर ही होळकरांची राजधानी. दुसरे तुकोजीराव होळकर तेव्हा गादीवर होते. शहरालगतच इंग्रजांची रेसिडेन्सी असल्याने व्हाइसरॉय, सेनापती आणि संस्थानिक यांची ये-जा सतत असे. अशा वातावरणात १८७४ च्या सुमारास दीनदयाळ यांनी नोकरी सांभाळून छायाचित्रणास आरंभ केला. महाराज तुकोजीरावांनी या तरुणाला उत्तेजन दिले. मध्य भारतातील गव्हर्नर जनरलचे प्रतिनिधी सर हेन्री डेली यांनीही त्यांच्या कामाची कदर केली. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले असता त्या राजभेटीची छायाचित्रे घेण्याची संधी दीनदयाळ यांना लाभली. त्यानंतर त्यांचे नाव सर्वत्र होऊ लागले.

त्या दिवसांत एक छायाचित्र घेणे म्हणजे किती खटाटोप होता, हे आजच्या पिढीला सांगितल्याशिवाय कळणार नाही. काचेच्या स्वच्छ तावदानावर कलोडियन नावाचे चिकट द्रावण एकसारखे पसरावयाचे, अंधारात ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची. चित्र टिपल्याबरोबर ती पुन्हा अंधारात धुवावयाची. काच वाळली की सारे श्रम वाया जात. म्हणून ही सर्व कामे दहा-पंधरा मिनिटांत उरकावी लागत, आणि उन्हाळ्यात तेवढाही अवधी मिळत नसे. बाहेरगावी जाताना लाकडी कॅमेरा, तिपाई, काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, पाण्याची पिंपे आणि काळ्या कापडाचा तंबू एवढा संसार बरोबर न्यावा लागे. चित्र मोठे हवे असेल तर काचही तेवढीच मोठी लागे, कारण कागदावरचा ठसा काचेच्या आकाराचाच निघत असे. १८८० च्या सुमारास तयार कोरड्या काचा मिळू लागल्या आणि हा त्रास पुष्कळ कमी झाला.

मध्य भारतातील प्राचीन वास्तू

१८८२-८३ मध्ये सर लेपल ग्रिफिन यांच्यासमवेत दीनदयाळ यांनी बुंदेलखंड व आसपासच्या प्रदेशाचा दौरा केला. ग्वाल्हेर, खजुराहो, ओरछा, दतिया, सांची अशा स्थळांची त्यांनी छायाचित्रे घेतली. त्यांतील ऐंशीहून अधिक छायाचित्रांचा ग्रंथ १८८६ मध्ये मध्य भारतातील प्रसिद्ध वास्तू या विषयावर प्रकाशित झाला. आरेखकाची नजर येथे पदोपदी जाणवते. खांब सरळ उभे आहेत, शिखर चौकटीत तोलून बसले आहे आणि वास्तूची उंची लक्षात यावी म्हणून कोठे एखादा माणूस उभा केला आहे.

या प्रदेशाचे जैन परंपरेशी असलेले नाते सर्वश्रुत आहे. खजुराहो येथे पार्श्वनाथ आणि आदिनाथ यांची प्राचीन मंदिरे आहेत. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या कड्यात पंधराव्या शतकात तोमर राजांच्या काळी कोरलेल्या तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती आहेत. उरवाई घळीतील आदिनाथांची मूर्ती तर ५७ फूट उंच आहे. बाबराच्या हुकुमाने येथील अनेक मूर्तींचे चेहरे विद्रूप करण्यात आले आणि पुढे काहींची डागडुजी झाली. दगडदेखील कायमचा नसतो, हे अशा ठिकाणी प्रकर्षाने जाणवते. दीनदयाळ यांच्या पिढीतील छायाचित्रकारांनी या वास्तू त्या काळी जशा होत्या तशा टिपून ठेवल्या नसत्या, तर मागाहून झालेल्या पडझडीचा किंवा जीर्णोद्धाराचा अंदाज घेणे अवघड झाले असते.

हैदराबाद आणि राजा ही पदवी

१८८५ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांनी दीनदयाळ यांना आपले छायाचित्रकार म्हणून नेमले. त्याच सुमारास हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबाराशी त्यांचा संबंध जुळला. १८८४ मध्येच या तरुण निजामाच्या हाती राज्याचा पूर्ण कारभार आला होता. आता नोकरी आणि व्यवसाय दोन्ही चालविणे शक्य नव्हते. वीस वर्षांची सरकारी नोकरी, तिची निश्चित मिळकत आणि निवृत्तिवेतनाची शाश्वती एका बाजूला, आणि लहरी दरबारावर अवलंबून असलेला नवा धंदा दुसऱ्या बाजूला. चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थाने अशा वेळी काय करावे, याचे व्यवहारी उत्तर कोणीही देईल. दीनदयाळ यांनी मात्र नोकरी सोडली आणि १८८६ मध्ये सिकंदराबाद येथे स्टुडिओ थाटला.

हैदराबादच्या वास्तव्यात त्यांची कला पूर्णत्वास पोहोचली. फलकनुमासारखे राजवाडे, उमरावांच्या देवड्या, मिरवणुका, लष्करी कवायती, शाळा, इस्पितळे, रेल्वे, तलाव आणि किल्ले असे त्या राज्याचे सर्वांगीण चित्र त्यांच्या काचांवर उतरले. वेरूळ, दौलताबाद आणि औरंगाबाद हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तेथील लेण्यांची आणि वास्तूंची त्यांनी घेतलेली छायाचित्रे महाराष्ट्राच्या दृष्टीने अमोल आहेत. वेरूळच्या जैन लेण्यांचे दर्शन घेतलेल्या प्रत्येकाला या कामाचे मोल सहज कळेल.

१८९४ मध्ये निजामाने त्यांना राजा बहादूर मुसव्विर जंग हा किताब दिला. चित्रणाच्या क्षेत्रातील वीर असा त्याचा आशय. तलवार किंवा दिवाणगिरी न गाजवता, केवळ कलेच्या बळावर राजा ही पदवी मिळविणारा हा जवाहिऱ्याचा मुलगा होता. व्हिक्टोरिया राणीच्या छायाचित्रकाराचा मानही त्यांना लाभला. १८९३ मध्ये शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात त्यांची छायाचित्रे मांडली गेली. त्याच वर्षी, त्याच शहरात सर्वधर्म परिषदेमध्ये वीरचंद राघवजी गांधी यांनी जैन धर्माची बाजू मांडली होती. दोन जैनांची दोन प्रकारची कामगिरी एकाच वेळी त्या दूरदेशी पोहोचावी, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

स्टुडिओची शिस्त आणि जनाना विभाग

दीनदयाळ यांचे यश केवळ राजाश्रयाचे नव्हते. त्यांनी स्टुडिओ पेढीच्या शिस्तीने चालविला. काच तयार करणारे, ठसे काढणारे, काचेवरील डाग व दोष पुसून चित्र सुधारणारे आणि ठसे पुठ्ठ्यावर चिकटवून पुस्तके बांधणारे असे निरनिराळे कारागीर त्यांच्याकडे कामास होते. काचांना क्रमांक दिले जात आणि गिऱ्हाइकांच्या नोंदी वह्यांत ठेवल्या जात. चोख वहीखाते ही वाणी परंपरेची देणगी त्यांनी कलेच्या सेवेत आणली. शंभरहून अधिक वर्षांनी अभ्यासकांना त्यांच्या अनेक छायाचित्रांतील व्यक्ती आणि तारखा ओळखता आल्या, त्या या नोंदींमुळेच.

१८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना स्टुडिओ उघडला. पडदा पाळणाऱ्या स्त्रियांना परपुरुषासमोर बसून तसबीर काढवून घेणे अशक्य होते. म्हणून उंच भिंतींच्या आत हा स्टुडिओ उभारण्यात आला आणि श्रीमती केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंकडे तो सोपविण्यात आला. घरंदाज स्त्रियांची मर्यादा सांभाळून त्यांना या नव्या कलेचा लाभ मिळवून देण्याची ही युक्ती व्यवहाराची होती, तशीच सुसंस्कृतपणाचीही होती.

मुंबईचा स्टुडिओ आणि सोलापूरचा मार्ग

१८९६ मध्ये दीनदयाळ यांनी मुंबईत मोठा स्टुडिओ सुरू केला. त्याच वर्षी मुंबईत प्लेगने थैमान घातले आणि माणसे शहर सोडून जाऊ लागली. अशा प्रतिकूल काळातही तो स्टुडिओ उभा राहिला. ज्ञानचंद आणि धरमचंद हे त्यांचे पुत्र वडिलांच्या हाताखाली या कलेत तयार झाले होते. त्यांच्या साहाय्याने हा विस्तार शक्य झाला.

मुंबई आणि सिकंदराबाद या दोन स्टुडिओंना जोडणारा लोहमार्ग पुणे, सोलापूर, गुलबर्गा आणि वाडी असा जात होता. सोलापुरात रेल्वे १८६० मध्ये आली, आणि १८७४ मध्ये वाडी ते सिकंदराबाद ही निजामाची रेल्वे सुरू झाली. मुंबईहून हैदराबादेस जाणारा माणूस सोलापूर ओलांडूनच जात असे. सोलापूरच्या पूर्वेला काही मैलांवर निजामाची हद्द सुरू होई. नळदुर्ग, तुळजापूर आणि आजचे धाराशिव ही ठिकाणे, तसेच कुंथलगिरी हे सिद्धक्षेत्र, त्या राज्यात मोडत होते. १८७७ मध्ये स्थापन झालेल्या पहिल्या कापड गिरणीमुळे सोलापूर तेव्हा औद्योगिक शहर म्हणून आकार घेत होते. येथूनच हिराचंद नेमचंद दोशी यांनी १८८० च्या दशकात जैनबोधक सुरू करून समाजजागृतीचे कार्य आरंभिले होते. दीनदयाळ यांच्या कर्तृत्वाचा काळ आणि सोलापूरच्या जैन समाजाच्या नवजागरणाचा काळ असा एकच आहे.

व्यवसाय आणि अहिंसा

जैन वाचकाच्या मनात येथे एक प्रश्न येणे स्वाभाविक आहे. राजे-महाराजे आणि व्हाइसरॉय यांच्या छायाचित्रकाराला शिकारीचेही चित्रण करावे लागे. १९०२ मध्ये वरंगळजवळ नेकोंडा येथे लॉर्ड कर्झन आणि त्यांच्या पत्नी मारलेल्या वाघासह उभे आहेत, ते प्रसिद्ध छायाचित्र दीनदयाळ यांच्या स्टुडिओचेच. शिकारीची गणना जैन आचारात सप्तव्यसनांत होते. शिवाय त्या काळी ठसे काढण्याचा अल्ब्युमेन कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर देऊन तयार होत असे आणि कोरड्या काचांवर जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेल्या जिलेटिनचा लेप असे. छायाचित्रणाच्या कोणत्याही व्यावसायिकाला या वस्तू टाळता येण्याजोग्या नव्हत्या.

ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. श्रावकाचाराने गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद केले आहेत, ते संसारातील माणसाच्या याच अडचणी जाणून. संकल्पी हिंसेचा त्याग गृहस्थाला अनिवार्य मानला, तर उद्योगातील हिंसा शक्य तितकी कमी करण्याचा उपदेश केला. दीनदयाळ यांचे जीवन गृहस्थाचे होते, मुनीचे नव्हते, आणि त्याच दृष्टीने त्याकडे पाहिले पाहिजे.

त्यांच्या कामाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात, म्हणजे जुन्या व्यापारी घराण्यांत छप्पनिया या नावाने ज्याची आठवण पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली त्या विक्रम संवत् १९५६ च्या दुष्काळात, औरंगाबाद भागातील उपासमारीची आणि मदतकार्याची छायाचित्रे त्यांच्या स्टुडिओने घेतली. हाडांचा सापळा झालेली माणसे त्या चित्रांत आहेत. फलकनुमाच्या झुंबरांवर रोखलेली भिंग तीच, आणि अन्नाला मोताद झालेल्या कुणब्यांच्या चेहऱ्यांवर रोखलेलीही तीच. राजांच्या तसबिरी राजवाड्यांत राहिल्या असत्याच. पण त्या अनामिक माणसांचे दुःख कोणी टिपले नसते, तर त्याचा पुरावाही मागे राहिला नसता.

अखेरची वर्षे आणि वारसा

१९०३ मध्ये दिल्लीत भरलेल्या दरबाराची छायाचित्रे घेण्याचे मोठे काम दीनदयाळ यांनी आपल्या पुत्रांसह पार पाडले. परंतु १९०४ मध्ये धरमचंद यांचे अकाली निधन झाले. तरुण मुलाच्या वियोगानंतर दीनदयाळ फार काळ जगले नाहीत. जुलै १९०५ मध्ये मुंबईत त्यांची जीवनयात्रा संपली. पुढे ज्ञानचंद यांनी सिकंदराबादचा स्टुडिओ चालविला. मात्र काळ बदलला होता. हातात मावणारे स्वस्त कॅमेरे आले, घरोघरी हौशी छायाचित्रकार निर्माण झाले आणि मोठ्या स्टुडिओंची सद्दी हळूहळू संपली.

दीनदयाळ यांच्या स्टुडिओतून तीस हजारांहून अधिक छायाचित्रे निघाल्याचे सांगितले जाते. त्यांतील बहुसंख्य काचा काळाच्या ओघात नाहीशा झाल्या. ज्या उरल्या, त्या वारसांनी पेट्यांमध्ये भरून पिढ्यान् पिढ्या सांभाळल्या. अखेर १९८९ मध्ये नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्या २,८५७ काचा मिळविल्या. त्यांच्या कामाचा हा सर्वांत मोठा संग्रह होय. २००६ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. २०१३ मध्ये कॅनडातील रॉयल ओंटारिओ म्युझियममध्ये त्यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले.

या चरित्रातून समाजाने घेण्याजोगा बोध अगदी व्यवहाराचा आहे. जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, मंदिरांच्या कपाटांत आणि संस्थांच्या दप्तरांत कितीतरी जुनी छायाचित्रे धूळ खात पडलेली असतात. पंचकल्याणक महोत्सव, मुनिसंघांचे चातुर्मास, पाठशाळांची संमेलने, पहिले विश्वस्त आणि दाते यांचे चेहरे त्यांत असतात. वाडा पाडताना किंवा दिवाळीची साफसफाई करताना ती रद्दीत जातात. जी उरतात, त्यांतील माणसे कोण हे सांगणारी वडीलधारी मंडळी एकेक करून निघून जातात आणि मागे राहतो तो केवळ एक अनोळखी चेहरा. दीनदयाळ यांनी प्रत्येक काचेला क्रमांक दिला आणि वहीत नाव लिहिले, म्हणून त्यांचे काम आज बोलते आहे. छायाचित्राच्या मागे पेन्सिलीने नाव, स्थळ आणि साल लिहून ठेवणे एवढे तरी प्रत्येक घराला आणि प्रत्येक संस्थेला सहज करता येईल. शास्त्रभांडारांतील पोथ्या ज्या निष्ठेने वेष्टनात बांधून जपल्या गेल्या, त्याच निष्ठेने हा ठेवाही जपला गेला पाहिजे.

सरधन्याच्या जवाहिऱ्याच्या घरातून निघालेल्या, नोकरीची शाश्वती सोडून नव्या कलेला आयुष्य वाहणाऱ्या आणि आपल्या काळाचे वैभव व वेदना दोन्ही काचेवर जपून ठेवणाऱ्या राजा लाला दीनदयाळ यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.